अठरा चोचींचा तक्ता

मित्रांनो, जवळ यायला हरकत नाही, पण आधी हात दाखवा. खिशात कर्कटक असेल किंवा कानावर पेन्सिल खोचलेली असेल, तर ती तिथंच बाकावर ठेवा आणि मग या. रागावू नका. मी स्वभावानं संशयी आहे आणि त्याला कारणं आहेत. माझ्यावर रंगवलेल्या घुबडाचे दोन्ही डोळे तुमच्याच वयाच्या कुणीतरी टोकदार वस्तूनं फोडलेले आहेत. ज्यानं फोडले तो पुढं मोठा झाला, गावात चार माणसांत बसायला लागला, पण त्यानं ते अजून कबूल केलेलं नाही.

तर, मी एक तक्ता आहे. पक्ष्यांच्या चोचींचा. मांजरपाटावर रंगवलेला, वर आणि खाली बांबूची काठी लावलेला. वयानं जुना, रंगानं विटलेला, आणि डाव्या कडेला कुरतडलेला. त्या कुरतडलेल्या कडेकडे सगळे आधी बघतात आणि म्हणतात, "उंदरानं खाल्लाय." म्हणू देत. खरं काय ते मी आज सांगणार आहे, कारण त्यात माझाही गुन्हा आहे.

माझं गाव अहमदनगर जिल्ह्यात, सुप्याच्या उगवतीला दोन कोसांवर. गावाला नदी नाही, कालवा नाही. जी काही पिकते ती ज्वारी. गावच्या शाळेत यज्ञेश्वर मास्तर नगरहून बदलून आले होते. एकटेच राहायचे, स्वतःच भात शिजवायचे आणि सुट्टीतसुद्धा शाळेतच बसायचे. एकोणीसशे सत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला घडवलं. कापड त्यांनी आणलं. त्याला लावायची खळ मात्र गोजरबाईंनी ज्वारीच्या पिठाची शिजवून दिली. ही खळ लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

गोजरबाई म्हणजे शाळा झाडणारी बाई. गावानंच ठेवलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, वावर म्हणावं तर चार पाट्या ज्वारी देणारं. सकाळी शाळेची किल्ली कमरेला खोचून यायची, वर्ग झाडायची, माठ भरायची आणि मास्तर काही करत असले की दाराशी उकिडवी बसून बघायची. मला ती तेव्हापासूनच आवडत नव्हती. जो माणूस काही न बोलता बघत बसतो, त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

मास्तरांसमोर एक इंग्रजी पुस्तक उघडं असायचं. त्यातलं बघून ते एकेक डोकं काढत. तीन रांगा, एका रांगेत सहा पक्षी. काजळीनं रेघ, गेरूनं लाल, निळीनं निळा. प्रत्येक चोचीला बाण काढून नाव द्यायचं होतं, आणि तिथं त्यांची गाडी अडली. पुस्तकातले शब्द इंग्रजी, आणि कोशातले संस्कृत. मास्तरांनी दोन दिवस कागदावर शब्द लिहिले आणि खोडले. शेवटी दाराकडे वळून ते म्हणाले, "गोजरबाई, चोचीच्या ह्या वरच्या भागाला तुमच्यात काय म्हणतात?"

"वरली चोच."

"आणि खालच्या?"

"खालली."

मास्तर हसले. गोजरबाई हसली नाही. ती उठून जवळ आली आणि रंगानं ओल्या माझ्या अंगावर बोट न टेकवता एकेक चित्र दाखवत गेली. "ह्यो बगळ्याचा चिमटा हाय. ही सुताराची पटाशी. हुदहुद्याचं दाभण. बदकाचं उलथनं. घारीचा आकडा. आन् ह्यो पोपटाचा अडकित्ता."

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. तिला एवढं कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, की लग्नाआधी नऊ वर्षं तिनं बापाच्या वावरात ज्वारीची राखण केली. माळ्यावर उभं राहायचं, गोफण फिरवायची आणि कुठल्या पाखरानं कुठल्या कणसाला तोंड घातलं ते ओळखायचं. चिमणी आली तर एक हाळी पुरते. पोपट आले तर गोफण लागते.

त्या दिवसापासून माझ्या अंगावर दोघांचे शब्द पडले. चोचीच्या वरच्या धारेला मास्तरांनी 'कणा' लिहिलं. नाकपुड्यांच्या भोवतीच्या मऊ, फुगीर कातडीला 'मेण'. वरची नि खालची चोच जिथं मिळते तिथं 'जिवणी', आणि पिलाच्या जिवणीची पिवळी कडसुद्धा दाखवली, कारण गोजरबाई म्हणाली, "ती पिवळी कड बगूनच आई घास घालती." चोचींची नावं मात्र तिचीच राहिली. चिमटा, पटाशी, दाभण, उलथनं, आकडा, अडकित्ता. मास्तरांचं अक्षर वळणदार होतं. मी रुबाबदार दिसायला लागलो, हे मी नम्रपणे सांगतो.

प्रत्येक चोचीखाली ती काय काम करते ते एका ओळीत लिहायचं होतं. पोपटाशी आल्यावर गोजरबाई म्हणाली, "ल्ह्या, कणीस देठासकट तोडून न्हेतो. वरल्या चोचीनं धरतो, खालल्या चोचीनं कापतो. इळ्यानं काढल्यावानी."

मास्तरांनी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात फळं होती. पुस्तक लिहिणाऱ्यानं ज्वारीचं कणीस कधी पाहिलेलं नसावं. मास्तरांनी लिहिलं, 'पोपट : फळे फोडून खातो.' गोजरबाईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, तिचंच लिहिलंय. मला ठाऊक होतं, पण मी गप्प राहिलो. पुढं जे झालं त्याची सुरुवात इथं आहे.

दोन वर्षं माझी चलती होती. सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी मी लटकायचो. तालुक्याहून दिपोटी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी मला चष्मा लावून वाचलं आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मुलं माझ्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "वरची चोच, खालची चोच, कणा, मेण, जिवणी." घुबडाचे डोळे ह्याच काळात गेले. कौतुकाच्या दिवसांतसुद्धा माणसांवर नजर ठेवावी लागते, हे मी तेव्हा शिकलो.

मग बहात्तर साल आलं. त्या वर्षाबद्दल तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, ती सांगतील. विहिरींचे तळ दिसले. गाव सकाळीच खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर जायचं. रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. शाळेतली मुलं दुपारच्या खाण्याला मिळणाऱ्या सुकडीसाठी यायची, आणि ती वाटून झाली की वर्ग ओस पडायचे.

बियाण्याची कणसं आमच्याकडं घरात, चुलीच्या वर, धुरावर टांगलेली असतात. म्हणजे कीड लागत नाही. पण त्या साली घराघरात अशी गत झाली, की पोरं खाली भुकेली आणि वर कणसं लोंबतायत. कुठल्याही आईचा हात तिकडं गेला असता. एकाच्या घरचं बी संपलं तर पुढच्या साली त्याचं वावर पडीक. म्हणून सरपंच कारभारी तात्यांनी बैठक घेतली आणि गावानं ठरवलं, की बत्तीस घरांनी आपापल्या कणसांची जुडी शाळेत आणून टांगायची. शाळेला कुलूप. पाऊसकाळ नीट येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आपल्या घरच्या भुकेपासून बी वाचवायला ते घराबाहेर ठेवणारं गाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

मागच्या बाजूला विज्ञानाची खोली होती. विज्ञान म्हणजे एक भिंग, दोन परीक्षानळ्या आणि दबलेला पृथ्वीगोल. ती खोली बियाण्याला दिली. मलाही तिथंच नेलं, कारण सातवीच्या वर्गाला आता कुणी शिकवत नव्हतं. भिंतीवरच्या खिळ्यांना जुड्या टांगायच्या होत्या, म्हणून मला गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मागच्या भिंतीलगत कौलांखालच्या तुळईवर आडवा सारून दिलं. प्रत्येक जुडीला घराची खूण म्हणून चिंधी बांधलेली होती. मानाच्या घरांच्या जुड्या आत, मागच्या भिंतीवर लागल्या. गोजरबाईची लहानशी जुडी दाराजवळच्या खिळ्याला. किल्ली मात्र तिच्याच कमरेला राहिली.

गुंडाळलेल्या तक्त्याचं जिणं कसं असतं ते सांगतो. चित्रं आतल्या बाजूला येतात. अठरा चोची एकमेकींवर दाबून बसतात आणि अंधार. बाहेरचा आवाज येतो तो अंगावर वाकळ घेतल्यावर येतो तसा. रोज सकाळी कुलूप निघायचं, केरसुणी फिरायची, निंबाचा ताजा पाला टाकल्याचा वास यायचा, कुलूप लागायचं. हे झालं गोजरबाईचं. पण ती गेल्यावरही खोलीत काहीतरी असायचं. माझ्यावर हलकासा भार पडायचा. मग खुट्ट. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज. आणि पौषाच्या उतरणीला एके दिवशी माझ्या डाव्या कडेला कुणीतरी चिमटा घेतला. कापड फाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मी मनात म्हटलं, कात्री. तीच. लुगड्याला ठिगळ लावायला माझं कापड कापतेय. उपाशी माणूस काय करील सांगता येत नाही. किल्ली तिच्याकडं, वाट तिला ठाऊक, आणि तोंडानं ती कधी काही बोलत नाही. माझ्यावर जो भार पडतो तो तिचा हात, जे खाली पडतं ते कणीस, असा मी सगळा हिशेब जुळवून टाकला. माझ्या संशयाला डोळे नव्हते, पण त्यानं त्याचं काही अडलं नाही.

माघ लागला तेव्हा कामावरच्या सुट्टीच्या दिवशी सहादेव आपली जुडी बघायला आला. सहादेव म्हणजे मागच्या भिंतीवर पहिली जुडी ज्याची, तो. वावर बरं, आवाज त्याहून बरा. साठ कणसांची जुडी टांगली होती, अकरा उरली होती. बाकीच्यांचे नुसते देठ सुतळीत अडकलेले, आणि ते देठ तिरके, सपासप कापलेले. त्याच्या शेजारच्या चार जुड्यांचीही तीच तऱ्हा. दाराजवळची गोजरबाईची जुडी मात्र जशीच्या तशी.

थोड्याच वेळात सगळं गाव शाळेच्या ओट्यावर जमलं. मला आतून ऐकू येत होतं.

"हा इळ्याचा घाव हाय," सहादेव म्हणाला. "पाखराचं काम न्हाई."

"पोपट हाय त्यो," गोजरबाईचा आवाज. "म्या धा दिस झालं मास्तरांना सांगतीय. रोज सकाळी भुसा पडल्याला आसतो."

"कुठं हाय भुसा?"

"झाडून टाकला."

"का टाकला?"

"मंग झाडायला न्हाई ठिवलं व्हय मला?"

कुणीतरी हसलं. पुरावा रोज स्वतःच्या हातानं झाडून टाकणारी बाई खरी कशी, असं गावाला वाटलं. मलाही तसंच वाटलं. चोर आपल्या पावलांवर केरसुणी फिरवतोच की.

तात्यांनी आत येऊन वर पाहिलं. कौलं बसलेली, खिडकीला जाळी, कुठं फट नाही. फट होती, मित्रांनो. मागच्या भिंतीला लागून दोन कौलं सरकलेली होती. पण तिच्या बरोबर समोर तुळईवर मी आडवा पडलो होतो. खालून बघणाऱ्याला फक्त मी दिसत होतो.

"मास्तर, पोपट कणीस खातो का?" तात्यांनी विचारलं.

मास्तर घुटमळले. "पुस्तकात तरी फळं दिली आहेत," ते म्हणाले. "गोजरबाई म्हणतात खरं, पण मी स्वतः पाहिलेलं नाही."

"परवा सोमवारी पंचायत बसंल," तात्या म्हणाले. "तवर किल्ली माझ्याकडं. गोजरे, कबूल केलंस तर गावातली हायेस म्हनून सोडून देऊ. न्हाईतर केरसुनी ठिवायची आन् बत्तीस घरांत पाय टाकायचा न्हाई."

 गोजरबाईनं खोली झाडली, कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत, सगळ्यांच्या देखत. मग कमरेची किल्ली काढली आणि तात्यांच्या हातात न देता ओट्यावर ठेवली.

बत्तीस घरांत पाय टाकायचा नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. पण तिचं स्वतःचं घर असं काय होतं? पाणी एकीच्या घरचं, विस्तव दुसरीच्या घरचा, आजारी पडली तर पेज तिसरीच्या हातची. शाळा आणि ती बत्तीस घरं गेली असती तर तिला गाव सोडावं लागलं असतं, आणि त्या दुष्काळात एकट्या बाईनं कुठं जायचं? हे मला तेव्हा सुचलं नाही. मला माझी फाटलेली कड दुखत होती.

त्या दोन दिवसांत कुलूप उघडलं नाही, पण माझ्यावर भार पडायचा तो पडलाच. चिमटेही बसले. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, हिनं दुसरी किल्ली करून घेतलेली दिसते. पहिल्यांदा मनात एक शंका आली होती, की कुलपाचा आवाज तर झाला नाही. ती शंका मी दाबून टाकली. एकदा कुणाला चोर ठरवलं, की त्याच्या बाजूची शंका नकोशी होते.

सोमवारी कुलूप काढलं. झाडलेल्या जमिनीवर भुसा पडला होता. दाणे काढलेली दोन कणसंही होती. 

"किल्ली माझ्याच खिशात हुती," तात्या म्हणाले.

"मंग उंदीर आसंल," कुणीतरी म्हणालं.

"उंदीर देठ कापतो का इळ्यानं? दुसरी किल्ली आसंल हिची," सहादेव म्हणाला. माझंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटलं नाही.

"पुस्तकात काय ल्हिवलंय ते वाचून टाका मास्तर, म्हंजी मिटलं," तात्या म्हणाले. "तुमचा तक्ता हाय ना हितं? काढा."

सहादेवच बाकावर चढला आणि त्यानं मला तुळईवरून ओढलं. सुतळी सुटली. मास्तरांनी वरची काठी धरली, सहादेवनं खालची, आणि चार महिन्यांनी मी उजेडात उघडलो. डोळे दिपले. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, आणि पहिल्यांदाच मला ते नको वाटलं.

मास्तरांनी पोपटावर बोट ठेवून वाचलं, "पोपट, फळे फोडून खातो."

"झालं," सहादेव म्हणाला.

गोजरबाईनं मास्तरांकडं पाहिलं. "फळं?" ती म्हणाली. "आन् म्या सांगितल्यालं?"

मास्तरांनी पोपटावरचं बोट काढून घेतलं. दोन वर्षं तिनं माझी धूळ पुसली होती, तिला वाटत होतं त्या ओळीत तिचं कणीस आहे. तिचं तोंड तेव्हा जसं झालं ते मी विसरू शकलेलो नाही. चोर म्हटल्यावरसुद्धा ते तसं झालं नव्हतं.

ती पुढं आली. पोपटाकडं तिनं पाहिलंच नाही. ती माझ्या डाव्या कडेला वाकली. तिथं एकाखाली एक कुरतडलेल्या खाचा होत्या, वरपासून खालपर्यंत, चार-चार बोटांच्या अंतरावर. गुंडाळीला एक चावा बसला, की तो प्रत्येक वेढ्याला बसतो आणि उलगडल्यावर त्याच्या दहा खाचा होतात. प्रत्येक खाच गोल, वाटीच्या काठासारखी.

"तात्या," ती म्हणाली, "त्या सुतळीतला येक देठ द्या."

तात्यांनी सहादेवच्या जुडीतला एक कापलेला देठ उपसून दिला. गोजरबाईनं तो माझ्या खाचेत धरला. देठाचा बाक आणि खाचेचा बाक एक झाला. दुसऱ्या खाचेत धरला, तिथंही बसला. "आता इळा आना," ती म्हणाली, "आन् ह्या कापडाला आसा घाव घालून दाखवा."

कुणी विळा आणायला गेलं नाही. मास्तरांनी भिंग घेतलं. आधी देठ पाहिला, मग माझी कड.  "एका बाजूला खोल, गोल खूण आहे," ते सावकाश म्हणाले. "ती वरच्या चोचीची. आकड्यानं धरल्याची. आणि समोरच्या बाजूला ह्या आडव्या, उथळ रेघा. खालच्या चोचीची धार छिन्नीसारखी सरळ असते, तिच्या आहेत. उंदराचे दोन बारीक दात असे उमटत नाहीत." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. "वरल्या चोचीनं धरतो, खालल्या चोचीनं कापतो. हे मला गोजरबाईंनी इथंच बसून सांगितलं होतं. मी लिहिलं नाही."

"का न्हाई ल्हिवलं?" तात्यांनी विचारलं.

"पुस्तकात नव्हतं म्हणून."

मी जिथून निघालो त्या तुळईमागं आता उजेडाची पट्टी दिसत होती. सहादेव पुन्हा बाकावर चढला, फटीत हात घातला आणि एक हिरवं पीस घेऊन उतरला. मग तो बाहेरून छपरावर गेला. मागच्या उताराला, जिथं खालून कुणाची नजर पोचत नाही, तिथं कौलांवर रिकाम्या कणसांचा सडा होता. दुष्काळात वावरं उघडी पडली, पेरूचिंचा गेल्या, आणि पोपटांनी बत्तीस घरांचं बी हुडकून काढलं होतं. आत शिरून ते आधी माझ्यावर बसायचे. तो भार त्यांचा. चिमटेही त्यांचेच, माझ्या कडेला राहिलेल्या ज्वारीच्या खळीसाठी घेतलेले. फटीजवळच्या जुड्या त्यांनी आधी संपवल्या आणि दाराजवळच्या गरिबाच्या जुडीपर्यंत ते अजून पोचले नव्हते. एवढंच त्या जुडीचं रहस्य होतं.

सहादेव खाली आला तो गोजरबाईसमोर उभा राहिला. त्याच्या त्या मोठ्या आवाजाचं काय झालं कुणास ठाऊक. "गोजराक्का, चुकलं," एवढंच तो म्हणाला. तिनं मान हलवली. कौलं त्यानं त्याच दुपारी स्वतः बसवली. प्रत्येक घरानं आपल्या जुडीतली दोन-दोन कणसं काढून ज्यांची गेली होती त्यांना दिली, आणि गोजरबाईनंही दिली. पुढच्या साली बत्तीसही घरांची वावरं पेरली गेली.

मास्तरांनी त्याच दिवशी काजळी घोटली. 'फळे फोडून खातो' हे त्यांनी खोडलं नाही. त्याच्याखाली त्यांनी लिहिलं, 'कणीस देठासकट तोडून नेतो. (सांगणारी : गोजरबाई.)' आणि तिला ते तीनदा वाचून दाखवलं. तिनं मास्तरांना विचारलं, "ह्यातलं माझं नाव कंचं?" त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तिनं पदराचं टोक धरून त्या अक्षरांवरून हलकेच फिरवलं, शाई ओली आहे हे विसरून. म्हणून तिथं एक काळा फराटा आहे. तो मुलांनी केलेला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

कारभारी तात्यांनी किल्ली पुढं केली. "घे बाई. झालं गेलं."

"झाडीन," गोजरबाई म्हणाली. "पानी भरीन. किल्ली न्हाई घेनार."

"आगं, आता कोन संशय घेतंय तुझ्यावर?"

"आता न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी किती लौकर घेतला, ते बगितलं म्या."

त्यानंतर अकरा वर्षं ती शाळेत होती. रोज सकाळी केरसुणी घेऊन दाराशी उभी राहायची आणि मास्तर किंवा दुसरं कुणी कुलूप काढेपर्यंत वाट बघायची. थंडीतही. गावानं पुष्कळ मिनतवाऱ्या केल्या. तिनं पुन्हा किल्लीला हात लावला नाही.

मला मात्र तिनं कधी गुंडाळू दिलं नाही. नवे छापील तक्ते आले, चकचकीत, गुळगुळीत. मला काढायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "टांगल्याला आसू द्या. गुंडाळल्यावर काय दिसत न्हाई." ती माझ्या पाठीमागच्या फटीबद्दल बोलत होती. मला ते माझ्याबद्दल वाटलं. रोज माझी धूळ पुसताना ती डाव्या कडेशी आली की हात हलका करायची, खाचांचे धागे ओढले जाऊ नयेत म्हणून. जिला मी कात्री घेऊन आलेली चोर समजलो होतो, तिचा तो हात.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जुना तक्ता दिसला तर त्याचे डोळे फोडू नका, त्याला गुंडाळून अंधारात सारू नका, आणि त्याच्यावर लिहिलेलं सगळंच खरं मानू नका. आणि कुणाला चोर म्हणायची जीभ वळवळली, तर आधी माझी डावी कड पाहून जा. मी अजून संशयी आहे, सवय जात नाही. पण आता संशय आला की पहिल्यांदा मी माझ्यावरच घेतो, की मला दिसतंय का, का मी गुंडाळलेला आहे?

काम सुटलं त्या दिवशी गोजरबाई माझ्यासमोर उभी राहिली, सगळ्या खाचांवरून बोट फिरवलं, पदरानं एकदा पुसलं आणि उंबरा ओलांडून गेली. दोन शब्द म्हणायचे होते मला, सहादेवनं म्हटले तेवढेच. अठरा चोची आहेत माझ्याकडं. त्यांतली एकही उघडली नाही.